चौसष्ट हात बांध

कृतिकाच्या पडद्यावर सहा अंगं होती, नऊ जोड्या डोळे, डोक्यावर घालायच्या अकरा वस्तू, माशाच्या पुढच्या परांत धरायच्या चौदा, आणि मागे लावायला पाच देखावे. सगळ्यांचा गुणाकार एकेचाळीस हजार पाचशे ऐंशी येत होता. तेवढे वेगवेगळे निवटे त्या साहित्यातून तयार होऊ शकत होते. बाहेर जायचे होते फक्त तीन हजार.

निवटा हा खाडीच्या चिखलात राहणारा वीतभरापेक्षाही लहान मासा. ओहोटी लागली की बिळातून वर येतो, पुढच्या परांवर भार देत चिखलावर रांगतो, डोक्यावर बसवलेले डोळे फिरवून चहूकडे बघतो आणि जरा सावली हलली की उडी मारून नाहीसा होतो. कल्याणपासून ठाण्यापर्यंत खाडीकाठच्या घरांत त्याला आजवर कालवणातच ओळखत आले होते. त्याला टोपी घालून जगासमोर उभा करायची कल्पना प्रफुल्ल केणेची.

प्रफुल्ल खारवलीचा. डोंबिवली पश्चिमेच्या पलीकडे, खाडीला टेकलेलं चौसष्ट घरांचं गाव. त्याच्या आजोबांपर्यंत भातशेती आणि मिठागरं होती, वडिलांच्या काळात तिथे इमारती उठल्या, आणि त्यातल्याच एका इमारतीत दुसऱ्या मजल्यावर त्याचं ऑफिस होतं. ठाण्याला ॲनिमेशन शिकून आलेला हा मुलगा. त्याला एक पात्रांचा ब्रँड उभा करायचा होता: आधी एनएफटी, मग खेळणी, दप्तरं, गोष्टी. एनएफटीचं चित्र कुणीही बघू शकतं, पण त्याचा मालक एकच असतो, आणि तो कोण हे जगभरच्या संगणकांवर एकसारखं नोंदलेलं असतं. एवढं तो गावातल्या कुणालाही दोन वाक्यांत समजावून सांगायचा. त्यापुढचं विचारलं की चहा मागवायचा.

"एनएफटीची लाट कधीच गेली भाई," चित्रकार संदेश त्याला पहिल्याच दिवशी म्हणालेला. संदेश टिटवाळ्याहून यायचा आणि आल्या आल्या अर्धा तास कुणाशी बोलायचा नाही.

"बरोबर. पाणी गेल्यावरच निवटे दिसतात," प्रफुल्ल म्हणालेला.

कृतिका या दोघांत नंतर आली. प्राणिशास्त्रात एम.एस्सी. करताना तिने खाडीतल्या निवट्यांच्या बिळांवर प्रबंध लिहिला होता. प्रफुल्लने तिला माशाचे पर बरोबर काढलेत का एवढंच बघायला बोलावलं होतं. तिने परांच्या दोन चुका दाखवल्या आणि वर विचारलं, "हे राहतात कुठे? खातात काय? यांना भीती कशाची वाटते?" त्या प्रश्नांची उत्तरं ऑफिसात कुणाकडेच नव्हती. म्हणून ती शोधायचं काम तिलाच मिळालं आणि कार्डावर 'क्रिएटिव्ह डायरेक्टर' असं छापून आलं. आई शेजारणीला सांगायची, "माशांचं काहीतरी करते कंप्युटरवर." हे वर्णन कृतिकाला कार्डापेक्षा बरोबर वाटायचं.

पहिलं भांडण सोनेरी कातडीवरून झालं. प्रफुल्लला तीन हजारांत पंधरा सोनेरी निवटे हवे होते. दुर्मीळ असलं की लोक धावतात, असं त्याचं म्हणणं.

"निवटा कातडीतून श्वास घेतो," कृतिका म्हणाली. "ओल्या कातडीतून. सोन्याचा मुलामा दिलास तर मरेल."

"कार्टून आहे ग ते."

"कार्टूनलाही काही नियम लागतात. नाहीतर कशातच काही धोका उरत नाही, आणि मग त्याचं काय होतंय याच्याशी कुणाला घेणंदेणं नसतं."

संदेशने पडद्यावरून मान वर केली. "मला सोनेरी रंगवायचा कंटाळाच आहे. हिचं ऐक."

सोनेरी गेला. त्या जागी कृतिकाने एक जग लिहिलं आणि त्यात मुख्य नियम एकच ठेवला. हा नियम तिला खारवलीतच सापडला होता. प्रफुल्लची आत्या बायजाबाई हिने तिला बांधाचं सांगितलं. भरतीचं खारं पाणी शेतात शिरू नये म्हणून गावाभोवती मातीचा बांध असायचा. तो राखायचं काम सगळ्या गावाचं. बांध दोरीने मोजायचा, घरांइतके सारखे वाटे पाडायचे आणि दर वर्षी चिठ्ठ्या टाकून वाटून घ्यायचे. आपला वाटा आपण लिंपायचा. शेजारचा आजारी असला तर त्याचाही लिंपायचा, कारण पाणी त्याच्या वाट्यातून शिरलं तरी भात तुमचंही जळायचं.

कृतिकाने हेच उचललं. तिच्या जगात निवट्यांचं खाजण म्हणजे खाडीकाठची खारी जमीन होती, भोवती बांध, आणि प्रत्येक निवट्याकडे एक हात लांबीचा बांध. दर पुनवेच्या आणि अवसेच्या उधाणाला मालकाने वेबसाइट उघडून आपल्या हातावर चिखलाचा गोळा लावायचा. नाही लावला तर तो हात उघडा पडणार. मग शेजाऱ्याने लावला तरी चालेल. कुणीच नाही लावला तर तेवढं पाणी आत, सगळ्यांच्या बिळांत. कुठलाही हात दुसऱ्यापेक्षा मोठा नाही आणि कुठलाही निवटा राजा नाही. तिने तो नियम पहिल्या पानावर एकटाच लिहिला. हा टिकला तर जग टिकेल आणि हा मोडला तर उरतील तीन हजार टोप्या घातलेले मासे, असं तिला स्वच्छ दिसत होतं.

निवट्याच्या परात काय द्यायचं हे तिने मनाने ठरवलं नाही. रविवारी सकाळी ती खारवलीच्या नाक्यावर बसायची आणि खाडीकडे जाणाऱ्यांच्या हातात काय काय दिसतं ते मोजायची. पाटी, म्हणजे टोपली, सगळ्यांत जास्त. मग डबा, कोयता, पाण्याची बाटली, मोबाईल. फाटकी छत्री एकदाच दिसली. त्याच प्रमाणात तिने संगणकाला आकडे दिले. तीन हजारांत पाटीवाले निवटे सहाशेवर गेले, छत्रीवाले अकरा आले. ही पद्धत तिला प्रामाणिक वाटली होती. जे खरोखर कमी आहे ते कमीच दिसावं.

प्रफुल्लने ठरवलं की पहिले चौसष्ट निवटे गावाला भेट द्यायचे. घरटी एक. गावाच्या नावावर, गावाच्या बांधावर गोष्ट उभी आहे, तेव्हा पहिला हक्क गावाचा. गावकीने नाव वापरायला होकार दिला होता तो गावातल्या पहिल्या मानाच्या राघोशेठच्या शब्दावर, आणि राघोशेठने शब्द दिला होता प्रफुल्लच्या वडिलांकडे बघून. कुणाला कुठला निवटा हे संगणकाने चिठ्ठ्या टाकल्यासारखं ठरवलं. लिंक गावच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गेली. दोन दिवस सगळं छान चाललं. ज्याने त्याने आपला निवटा प्रोफाइलला लावला.

तिसऱ्या दिवशी प्रफुल्लचा लांबच्या नात्यातला चुलतभाऊ कमलेश याने ग्रुपवर एक फोटो टाकला.

अशा चित्रांची दुर्मिळता मोजणाऱ्या वेबसाइट असतात. नवा संच आला की त्या आपोआप मोजतात: कुठली गोष्ट किती निवट्यांकडे आहे, आणि ज्याच्याकडे कमी सापडणाऱ्या गोष्टी जास्त त्याचा क्रमांक वर. कमलेशने तिथून गावच्या चौसष्टांचे क्रमांक काढून एकाखाली एक लावले होते. सगळ्यांत वर पोपट. तीन हजारांत तिसरा. त्याच्या निवट्याचे डोळे तिरळे होते आणि परात फाटकी छत्री. सगळ्यांत खाली राघोशेठ. दोन हजार नऊशे अठ्ठ्याऐंशी. मातकट अंग, डोक्याला रुमाल, परात पाटी.

खाली कमलेशने लिहिलं होतं, 'यंदाचा पहिला नारळ पोपटभाऊ. राघोकाका पाटी घेऊन मागे.' आणि हसणारे तीन चेहरे.

गावदेवीच्या जत्रेला पहिला नारळ राघोशेठच्या घरचा. मग केण्यांचं थोरलं घर, मग पुढची. हा मानाचा क्रम होता, आणि पोपट त्या क्रमात कुठेच नव्हता. तो मोहन्याचा, वडील तिथल्या जुन्या रेयॉन कारखान्यात कामाला. कलावतीशी लग्न करून खारवलीत राहायला आलेला घरजावई. कलावतीला भाऊ नव्हता. तिचा बाप होता तोवर त्या घराचा मान पाचवा होता, बाप गेल्यावर तो मान वाऱ्यावर गेला. जावयाच्या हातचा नारळ देवीला चालतो की नाही हे कुणी विचारलं नाही, आणि कुणी त्याला बोलावलंही नाही.

कमलेशचा विनोद संध्याकाळपर्यंत विनोद राहिला नाही. कुणी लिहिलं, 'सही है.' कुणी लिहिलं, 'केणेंच्या पोराने मुद्दाम केलंय.' एकाने विचारलं की आपला नंबर धाकट्या भावाच्या खाली का. राघोशेठने ग्रुपवर काही लिहिलं नाही. त्यांनी प्रफुल्लला फोन केला. तेवढंच बोलले, "तुजे निवटे परत घे. आनि गावाचं नाव पन काढ."

दुसऱ्या दिवशी प्रफुल्ल ऑफिसात आला तो बूट न काढता आत आला.

"बदलून टाकू," तो म्हणाला. "चित्रं अजून गोठवलेली नाहीत. लाँचपर्यंत काहीही बदलता येतं. राघोकाकांना एक नंबर देऊ. छत्री, तिरळे डोळे, जे काय दुर्मीळ असेल ते सगळं त्यांना. पोपटला पाटी."

"आणि बाकीचे बासष्ट?" कृतिकाने विचारलं.

"मानाच्या क्रमाने."

"तो क्रम लिहिलेला आहे?"

"लिहायला कशाला लागतो? सगळ्यांना माहीत आहे."

कृतिकाला खात्री वाटेना. तिने कमलेशला क्रम विचारला, त्याने फोनवर चौसष्टच्या चौसष्ट घरं सांगितली. मग बायजाबाईकडे जाऊन वेगळा विचारला. दोन्ही शेजारी ठेवले. पहिली चार घरं जुळली. पुढच्या साठांतली नऊ. एका जागी कमलेशने आपलं घर सातवं सांगितलं होतं, बायजाबाईंनी एकोणिसावं.

"एकोणीस?" पुन्हा विचारल्यावर कमलेश फोनवर म्हणाला. "आत्याला विसरायला होतं आता."

"माज्या डोक्यातून काय बी गेलेलं नाय," बायजाबाई म्हणाल्या. "त्याचा आजा सातवा नव्हताच कदी. सातवा व्हायला गेलेला, तो वेगला."

कृतिकाने दोन्ही कागद प्रफुल्लसमोर ठेवले. "पहिल्या चारांना खूश करशील आणि साठांना नवं भांडण देशील. आणि मी लिहिलंय की बांधावर कुणी मोठा नाही. तू हाताने क्रम लावलास तर ते वाक्य काढायला लागेल. मग माझं इथे काम उरत नाही."

"धमकी देतेस?"

"नाही. हिशोब सांगतेय. जग बनवायला ठेवलंस आणि जग नाही म्हटलंस तर मी पर मोजायला किती दिवस बसणार?"

संदेश म्हणाला, "मी पण नाही छत्र्या बदलत बसणार. चौसष्ट फाइली आहेत."

प्रफुल्ल खुर्चीत बसला. आता त्याने बूट काढले. "मग काय करू ते सांगा. लाँच माझ्या गावाच्या नावावर आहे आणि गाव नाही म्हणतंय."

कृतिका तोवर वेगळाच विचार करत होती. क्रमांक वेबसाइट लावते, तिला थांबवता येत नाही. पण ती मोजते काय? कुठली गोष्ट किती वेळा येते तेवढंच. मोजायला फरकच नसला तर? तिने तीन हजारला भागून बघितलं. अंगं सहा, म्हणजे प्रत्येकी पाचशे, हे जमतं. देखावे पाच, सहाशे, जमतं. डोळे नऊ, जमत नाही, पण एक जोडी काढली तर आठ, प्रत्येकी तीनशे पंच्याहत्तर. डोक्यावरच्या अकरांतली एक काढली तर दहा, प्रत्येकी तीनशे. परातल्या चौदांत एक घातली तर पंधरा, प्रत्येकी दोनशे. पाटीही दोनशे आणि छत्रीही दोनशे. मग प्रत्येक निवट्याची बेरीज सारखी.

नाक्यावर मोजलेले आकडे तिने बाजूला ठेवले. ते खरे होते, पण तिच्या नियमाच्या विरुद्ध जात होते आणि ते तिच्या लक्षात आलं नव्हतं. हे तिने दोघांना सांगितलंही. "चूक माझी आहे. सोनेरी नको म्हटलं आणि छत्रीला सोनं करून ठेवलं."

"म्हणजे सगळ्यांचा नंबर एक?" प्रफुल्लने विचारलं.

"सगळ्यांचा."

"मग विकायचं काय? दुर्मीळ काही नसेल तर घेणार कोण?"

"बांधावरची जागा. तुझ्या डाव्या हाताला कोण, उजव्या हाताला कोण. उधाण आलं की तुझ्या हातावर गोळा लावायला कोण येतं. शेजार विक."

प्रफुल्लच्या चेहऱ्यावर प्रथमच काहीतरी ओळखीचं आलं. "म्हणजे प्लॉटिंग."

"प्लॉटिंग नाही."

"सगळे प्लॉट एकाच मापाचे? कॉर्नरला जादा भाव नाही?"

"कॉर्नर नाहीच. बांध गोल आहे."

प्रफुल्लने डोकं हलवलं. "माझ्या बापाने असा लेआउट जन्मात पास केला नसता." पण त्याने संदेशला डोळ्यांची एक जोडी काढायला सांगितली. तिरळे गेले. संदेशला तेच सगळ्यांत जास्त आवडायचे. त्याने परात धरायला पंधरावी वस्तू म्हणून चिखलाचा गोळा काढून दिला आणि दुपारभर कुणाशी बोलला नाही.

राघोशेठकडे जायच्या आधी कृतिका कलावतीकडे गेली. तिला न सांगता बदल करणं बरोबर दिसलं नसतं. कलावती ओट्यावर सुकट निवडत होती. पोपट आतून येऊन नमस्कार करून परत आत गेला. या प्रकरणात आपण जितके कमी दिसू तितकं बरं, असं त्याच्या चालण्यावरून कळत होतं.

"बस," कलावती म्हणाली. "नंबर बदलायला आलीस ना? कमलेशची बायको सांगून गेली."

"सगळ्यांचा एकच नंबर करतेय."

"म्हंजे आमचा तिसरा जानार."

"हो."

कलावतीने सुकटीतली एक काडी काढून टाकली. तिच्या फोनवर अजून तो छत्रीवाला निवटा होता. "मना त्या छत्रीचं काय नाय. पन पयल्यांदा आमच्या घराचं नाव कोनाच्या तरी वर दिसलं. चार दिवस का होईना. बाबा गेल्यापासून जत्रेला आमी बाहेर उभं राहतो, माहीत हाय? पावन्यासारखं."

कृतिका ओट्याच्या कडेला बसली. ती म्हणाली, "वर नाही देता येणार. बांधावर एक हात जागा देता येईल."

"राघोकाकाला किती?"

"एक हात."

"आनि नाव कोनाचं लावनार? याचं का माजं?"

कृतिकाने यादीत घरं विजेच्या मीटरच्या नावाने घेतली होती. मीटर अजून कलावतीच्या वडिलांच्या नावावर होता, पण प्रफुल्लने तिथे पोपट लिहून दिलं होतं. "घर कुणाचं आहे?" तिने विचारलं.

"माजं."

"मग तुमचं."

आतून पोपट म्हणाला, "तिचंच लावा मॅडम. मला कशाला त्यात?"

कलावती हसली नाही. सुकट पाखडत म्हणाली, "मग ये घेऊन. बघू देतात का."

मंगळवारी देवळाच्या मंडपात बैठक भरली. पुरुष खुर्च्यांवर, बायका पायऱ्यांवर, बायजाबाई मध्ये खांबाला टेकून. राघोशेठ सत्तरीचे, पांढरा शर्ट, गळ्यात सोन्याची साखळी, मांडीवर मोबाईल उलटा ठेवलेला. प्रफुल्लने बोलायला सुरुवात केली, पण त्याला दोन वाक्यांत थांबवून राघोशेठ कृतिकाकडे वळले.

"पोरी, तू सांग. याला चहाशिवाय बोलता येत नाय."

कृतिकाने सांगितलं. नंबर कसे आले, चूक कुठे झाली, आता प्रत्येक वस्तू सारख्याच वेळा येईल आणि प्रत्येक निवट्याचा क्रमांक एक असेल. तिने फोनवर नवा संच दाखवला. त्या वेबसाइटवर ओळीने एक, एक, एक असं दिसत होतं.

"म्हंजे मी आनि पोपट सारके," राघोशेठ म्हणाले.

"बांधावर," कृतिका म्हणाली. "जत्रेतलं मला ठरवता येणार नाही."

"ठरवू पन नको." त्यांनी मोबाईल सरळ केला, पुन्हा उलटा ठेवला. "बांधाचं तुला कोनी सांगितलं?"

"बायजाआत्यांनी."

"सगलं सांगितलं? बांधावर चिठ्ठी निघायची, ते सांगितलं? माज्या बापाला एक वर्स खांडीजवलचा वाटा लागला. सगल्यांत वाईट. पानी तिथंच धडका मारतं. त्याने राखला. पहिला मान आमचा, तरी राखला. का राखला? चिठ्ठी सगल्यांसमोर निघालेली. देवीसमोर. कोनाला बोलायला तोंड नव्हतं." त्यांनी बोटाने तिच्या फोनकडे दाखवलं. "तुज्या कंप्युटरची चिठ्ठी कोनी बघितली?"

कृतिकाने फोन खाली ठेवला. संगणकाची निवड निःपक्षपाती होती, ते ती आकड्यांनी सिद्ध करून दाखवू शकली असती. पण विचारलं ते वेगळंच होतं. तिने थोडा विचार करून सांगितलं, "कुणीच नाही. मीसुद्धा नाही."

"मग?"

"मग इथे काढू. निवटा आणि जागा, दोन्ही. कागदाच्या चिठ्ठ्यांनी. जे निघेल ते मी जसंच्या तसं भरते आणि मग चित्रं गोठवते. त्यानंतर प्रफुल्ललाही बदलता येणार नाही."

"मलाही?" प्रफुल्ल म्हणाला.

"तुलाच खास," बायजाबाई म्हणाल्या, आणि पायऱ्यांवर बायका हसल्या.

कमलेशने वहीची पानं फाडली. एका टोपात निवट्यांचे आकडे, दुसऱ्यात बांधावरच्या जागांचे. घरटी एक माणूस पुढे यायचा. कुणी आधी यायचं यावर थोडा वेळ गेला. मानाच्या क्रमाने म्हटलं तर कमलेश सातवा की एकोणिसावा हा प्रश्न पुन्हा उठला. शेवटी राघोशेठच म्हणाले, "दाराजवल जो बसलाय त्याच्यापासून सुरू करा. आमी बांधावर तसंच करायचो." दाराजवळ साईनाथ रिक्षावाला बसला होता, कारण त्याला लवकर निघायचं होतं.

कलावतीचं नाव पुकारलं तेव्हा कुणीतरी मागून म्हणालं, "पोपट कुठे?"

"घरी," कलावती म्हणाली आणि दोन्ही टोपांत हात घातला. तिला पाटीवाला निवटा निघाला आणि एकतिसावा हात. राघोशेठ मात्र लगेच उठले नाहीत. आपली पाळी आली तेव्हा त्यांनी हात पुढे केला, चिठ्ठी काढली, वाचून कृतिकाकडे दिली. चिखलाचा गोळा घेतलेला निवटा, बावन्नावा हात.

"निवटे ठेवू का काका?" प्रफुल्लने विचारलं.

"ठेव. पन गावाचं नाव मी अजून दिलेलं नाय. अवसेचं उधाण येऊ दे. बांध राखतात का बघू. नुसतं चित्र घेऊन बसनार असतील तर नाव काढून टाक."

प्रफुल्लने लाँच पुढे ढकललं. बाकीचे दोन हजार नऊशे छत्तीस निवटे थांबले. वेबसाइटवर फक्त गावाचा चौसष्ट हातांचा गोल बांध सुरू राहिला. कृतिकाने त्यात पाण्याचं गणित अगदी साधं ठेवलं: उधाणात जेवढे हात उघडे राहतील तेवढे दोन-दोन सेंटिमीटर पाणी खाजणात चढेल. ते चढलेलं पाणी पुढच्या ओहोटीपर्यंत सगळ्या निवट्यांच्या बिळांत दिसत राहील, आपला हात राखलेल्यांच्याही. हे तिने ग्रुपवर एकदाच लिहिलं. आठवण करून द्यायला प्रफुल्ल दर तासाला मेसेज टाकणार होता, तिने त्याचा फोन काढून घेतला.

"आठवण केली तर आपण काय मोजलं? तुझे मेसेज," ती म्हणाली.

"तू फार सायन्स करतेस."

"तू कामाला कशाला ठेवलंस मला?"

अवसेला दुपारी भरती होती. तिघंही ऑफिसच्या गॅलरीत उभे होते. खाली खारफुटीच्या मुळांत पाणी चढत होतं आणि जुन्या बांधाची उरलेली माती एका बाजूने ओली होत होती. संदेशने चहा केला होता, तो गार झाला. लॅपटॉप कृतिकाने आतल्या टेबलावर पडदा भिंतीकडे करून ठेवला होता. भरती चढताना बघायचं नाही, संपल्यावर बघायचं, असं तिने ठरवलं होतं. प्रफुल्ल दोनदा आत गेला आणि दोनदा तिने त्याला बाहेर आणलं.

पाणी उतरायला लागल्यावर तिने लॅपटॉप वळवला आणि आकडे वाचले.

ज्याचे त्याने राखलेले हात, एकोणपन्नास. शेजाऱ्याने राखलेले, अकरा. उघडे राहिलेले, चार. खाजणात चढलेलं पाणी, आठ सेंटिमीटर. गावाचं नाव द्यायचं की नाही, ते आता राघोशेठ ठरवणार होते.